मंडईच्या दिवसांतलं गणित

अभ्यासक्रम हा शब्द मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा नीट ऐकला, आणि मग पुढची काही वर्षं दुसरं काही ऐकलंच नाही. मी पवनीची. घरी हातमाग, शिक्षण चौथी. कोंढ्याच्या पुढे, तलावाच्या पाळीला लागून एक खाजगी माध्यमिक शाळा आहे. तिथे मी मानधनावर विणकाम शिकवायला लागले आणि मुख्याध्यापिका कापगते बाईंच्या हट्टामुळे अभ्यासक्रमाच्या बैठकीत बसू लागले. मी तिथे कशाला, हे मला कळलं नव्हतं. गणिताच्या हटवार सरांना तर मुळीच कळलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, चहा मावशी आणणार का. मी सांगितलं, चहा शिपाई आणेल, मी प्यायला आले आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अभ्यासक्रम म्हणजे पुस्तकांची यादी. मलाही तसंच वाटायचं. पण ते काम पुस्तकांचं कमी आणि क्रमाचं जास्त आहे. पोराला काय शिकवायचं, कशाच्या आधी, कशाच्या नंतर, आणि ते शिकायला त्याला किती दिवस द्यायचे, हे आधी ठरवायचं. ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवण्याआधी किती लांब, किती रुंद, कोणता रंग कुठे, हे सगळं पक्कं करावं लागतं. एकदा धोटा चालू झाला की मागे जाता येत नाही. एवढं समजलं आणि मी बैठकीत बोलायला लागले. ते बऱ्याच जणांना आवडलं नाही.

कापगते बाईंचं म्हणणं असं होतं. बोर्डाचे विषय आहेत ते आहेतच. त्यांच्यासोबत आठवी, नववी, दहावीच्या प्रत्येक पोराने मागावर बसावं किंवा शेतात उतरावं, तलावाचा नकाशा काढावा, सायकल आणि पाण्याची मोटर खोलून जोडावी, नाटक बसवावं, दरवर्षी एक अख्खं पुस्तक वाचून त्यावर सगळ्यांसमोर उभं राहून बोलावं. हुशार पोरांनी गणित करायचं आणि बाकीच्यांनी हातकाम, अशी वाटणी नको. सगळ्यांना सगळं.

आणि वर एक गोष्ट, जिच्यामुळे संस्थेचे सचिव भडकले. आमच्याकडे, आणि बऱ्याच ठिकाणी, रीत अशी होती की कच्च्या पोराला नववीत नापास करायचं आणि त्याच्या बापाला सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावीला बसवा. म्हणजे ते पोर शाळेच्या निकालात धरलं जात नाही आणि निकाल चकचकीत दिसतो. बाहेरून बसलेली पोरं पुढे काय करतात ते कोणी विचारत नाही. बाईंनी जाहीर केलं, आठवीत जेवढी बसली तेवढी सगळी दहावीला याच शाळेतून बसतील.

सचिवांनी ऐकून घेतलं आणि एक बॅच दिली. ते म्हणाले, ही बॅच दहावीतून निघू द्या. निकाल पडला तर माग विकायचे, नाटक बंद, आणि तुम्ही जुन्या वळणावर. तेव्हा सगळं त्या एका वर्गावर येऊन ठेपलं.

त्या वर्गात प्रतीक्षा होती. तिचा बाप यादोराव धानाचा शेतकरी, आवाज मोठा, बुद्धी बरी. आठवीच्या पहिल्याच महिन्यात तो माझ्या खोलीत आला आणि मागाकडे बोट दाखवून बोलू लागला. पोट्टीले नर्स करायचं आहे म्हणून शाळेत घातलं, आणि तुम्ही तिले कोष्ट्याच्या धंद्यावर बसवून राहिले. मी म्हटलं, मी कोष्टीणच आहे, मले त्याचं वाईट नाही वाटलं, पुढे बोला. मग तो जरा खाली आला. म्हणाला, गणितात पोट्टी अगदीच कच्ची आहे, नापास झाली तर तो तिला साकोलीला भावाकडे पाठवणार. काकूला घरात हाताखाली कोणी पाहिजे होतं. "गणित काढून द्या बाई, बाकी मागावर बसवा नाही त झाडावर बसवा," असं म्हणून तो गेला.

यादोराव एकटा नव्हता. आम्ही एक नियम केला होता की पोराने घरी जे येतं ते शाळेत करायचं नाही. शेतकऱ्यांची पोरं मागावर, विणकरांची पोरं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. पवनीची एक बाई, माझ्याच नात्यातली, तिचा पोरगा रोवण्यात चिखलाने माखून घरी गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे पिशवीत घालून घेऊन आली.

"हे धुवा," ती म्हणाली.

"तोच धुवन," मी म्हटलं. "धुणं पण अभ्यासक्रमात आहे."

नव्हतं. बैठकीत मी ते नंतर घालून घेतलं.

रोवण्याचं मात्र आम्ही फार हुशारीने बसवलं होतं. रोवणा म्हणजे धानाची लावणी. त्या दिवसांत आमच्याकडे अर्धी शाळा बांधीत असते. हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्या आठवड्यांत आम्ही वर्गात नवीन काही ठेवलंच नाही. शेतीचा भाग तिथेच बसवला. रोवणा संपल्यावर मालक रोवणाऱ्या बायांना बोजारा देतो, म्हणजे जेवण घालतो, काही हातावर ठेवतो. त्या वर्षी बोजाऱ्याला आमची विणकरांची पोरंही जेवली. आम्हाला वाटलं, आपल्या भागाला शोभेल असा अभ्यासक्रम आपण केला. बैठकीत एकमेकांची तारीफ झाली. हटवार सरांनीही केली, म्हणजे बघा.

दिवाळीनंतर सगळं घसरलं.

गणितात सरांनी शेकडेवारी, मग प्रमाण, मग त्यावरून व्याज, अशी पायरीवर पायरी रचली होती. दर आठवड्याला ते छोटी परीक्षा घेत. दिवाळीच्या आधी वर्ग बरा चालला होता. दिवाळीनंतर पेपर असे येऊ लागले की जणू पोरांना कोणी काही शिकवलंच नाही. प्रतीक्षा तर प्रश्नच्या प्रश्न कोरे सोडू लागली. कारण विचारलं की मान खाली. सचिवांच्या कानावर गेलं. ते एकदा येऊन माझ्या खोलीत उभे राहिले, माग पाहिले, आणि विचारलं की हे किती किलो लाकूड असेल.

त्याच दिवसांत एक साहेब शाळा पाहायला आले. त्यांनी मला विचारलं, मावशी, या मागातून मुलांना काय साध्य होतं? मी म्हटलं, टॉवेल. साहेबांनी ते लिहून घेतलं. ते गेल्यावर कापगते बाई मला म्हणाल्या, "मावशी, शाळा निकालाने नाही, तुमच्या तोंडाने बंद पडेल." त्यांचं बरोबर होतं. साहेबाला सांगण्यासारखं खूप होतं, मला त्या वेळी सुचलं नाही.

मी बैठकीत माझं मत मांडलं. आजही वाटतं, ते मत वाईट मनाने मांडलं नव्हतं. प्रतीक्षाचा हात मागावर चांगला बसला होता. धागा तुटला तर तिला आवाजावरून कळायचं, बघावं लागायचं नाही. मी म्हटलं, तिले गणितातून मोकळी करा. ज्याले जे जमते ते त्याले द्या. दिवसभर मागावर बसू द्या, हातात हुन्नर घेऊन तर जाईल. साकोलीला जाऊन भांडी घासण्यापेक्षा बरं.

हटवार सरांनी लगेच मान डोलावली. त्यांचं ओझं कमी होत होतं. कापगते बाईंनी चष्मा काढला. त्या माझ्याशी कधी मोठ्याने बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही.

"मावशी, तुमचा हात चांगला होता म्हणूनच तुम्हाला चौथीतून काढलं ना घरच्यांनी?"

उत्तर होतं, हो. आमची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती, मास्तर बरे होते, मी अभ्यासात मागे नव्हते. धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांड्या घरात माझ्याच सगळ्यात घट्ट भरल्या जायच्या, एवढाच माझा गुन्हा. वडिलांनी मला मारलं नाही, रागावले नाहीत. हिचा हात पाहा, असं कौतुकाने सांगत त्यांनी माझी शाळा बंद केली. तेच कौतुक मी आता दुसऱ्याच्या पोरीला द्यायला निघाले होते. त्या दिवशी मी बैठकीत पुढे काही बोलले नाही. हटवार सरांनी नंतर शिपायाला विचारलं म्हणे, मावशीची तब्येत बरी आहे का.

त्यानंतरच्या आठवड्यात सर हातात पेपरांचा गठ्ठा घेऊन वर्गात शिरले. मी मागच्या बाकावर पोरांना कांड्या भरायला लावून बसले होते, म्हणून मला सगळं पाहता आलं. त्यांनी एका गावच्या चार-पाच पोरांना उभं केलं. त्यांत प्रतीक्षा होती. सगळ्यांनी नेमकं तेच एक गणित सोडलं होतं. सर म्हणाले, चूक प्रत्येकाची वेगळी होऊ शकते, पण सगळ्यांचा एकच प्रश्न कोरा कसा राहतो? तुम्ही नकल केली. कोणाची, ते सांगा.

सरांनी दुसरा गठ्ठा काढला. त्यात दुसऱ्या गावची पोरं होती, त्यांनी वेगळाच एक प्रश्न सोडला होता, पण तोही सगळ्यांनी मिळून. सरांचा आवाज चढला. मी तेव्हापर्यंत प्रतीक्षाचा आवाज फारसा ऐकला नव्हता. ती म्हणाली, "सर, ते तुमी मंगळवारी शिकवलं. मंगळवारी आमच्या गावची मंडई होती."

"मग?"

"मंग आमी नव्हतो जी."

सरांनी हजेरी मागवली. हजेरीत सगळी पोरं हजर होती.

इथे परगावच्या वाचकाला सांगावं लागेल. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. बाजार, पाहुणे, लेकी-जावई, दंडार, नाटक. ज्या गावची मंडई, त्या गावचं माणूस त्या दिवशी दुसरीकडे नसतं, आणि दुसऱ्या दिवशी असलं तरी झोपेत असतं. बहिणीच्या गावची, मामाच्या गावची, त्याही आल्याच. आणि मंडईसाठी कोणी सुट्टी मागत नाही. लग्नाची सुट्टी, मयतीची सुट्टी, रोवण्याची सुट्टी. मंडईची सुट्टी ही कोणाच्या मनातच येत नाही, कारण मंडईला जाणं म्हणजे गैरहजर राहणं असं कोणी धरतच नाही. वर्गशिक्षकही धरत नाहीत. त्या गावची पोरं दिसली नाहीत की हजेरी लावून मोकळे होतात.

आमच्या शाळेत आजूबाजूच्या कितीतरी गावांतून पोरं यायची. म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीच्या आसपासपर्यंत वर्ग एक दिवसही पूर्ण नव्हता. आज या गावच्या पोरांची एक पायरी गेली, परवा त्या गावच्या. सर आपले चढत होते आणि मागे वळून पाहिलं तर जिन्याला ठिकठिकाणी भोकं.

सरांनी हजेरी मिटली. त्यांनी विचारलं, "सांगितलं काहून नाही?"

"मंडईचं काय सांगाचं सर?" प्रतीक्षा म्हणाली. "तुमीही त गुरुवारी नव्हते. तुमच्या गावची होती."

वर्ग हसला. मी पण हसले, लपवलं नाही. सर नव्हते हे खरं होतं. मी नव्हते, कापगते बाई नव्हत्या. आम्ही सगळे इथलेच, इथल्या पोरांसाठी इथला अभ्यासक्रम करायला बसलो, रोवण्याचा एकेक दिवस हिशोबात धरला, आणि दिवाळीनंतर दोन-अडीच महिने सगळा मुलूख मंडईच्या वाटेवर असतो ते कोणाला आठवलं नाही. पुण्याहून कोणी आला असता तर त्याने पहिल्या आठवड्यात विचारलं असतं, ही पोरं कुठे जातात?

पुढचं काम सरांनी केलं, आणि ते त्यांचं आहे असं मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर त्याचं श्रेय सगळ्यांनी घेतलं. संक्रांतीनंतर ते आठवडाभर गावोगावच्या मंडईचे दिवस आणि पोरांचे पेपर जुळवत बसले. मग बैठकीत म्हणाले, शिकवायच्या गोष्टी दोन जातीच्या आहेत. काही चढणीच्या, एक पायरी चुकली की पुढची जमत नाही. काही सपाटीच्या, एक दिवस चुकला तर तेवढाच चुकतो. गणित, विज्ञान, इंग्रजीचं व्याकरण चढणीचं. ते रोवणा संपल्यापासून दिवाळीपर्यंत आणि मग संक्रांतीनंतर. मधले मंडईचे दिवस सपाटीचे. माग, नाटक, नकाशा, मोटर, पुस्तक वाचून बोलणं.

कापगते बाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. सर इतके दिवस म्हणत आले होते की ही सगळी थेरं गणिताचा वेळ खातात. आता तेच सांगत होते की थेरं नसती तर मंडईच्या दिवसांत काय शिकवायचं, हा प्रश्न पडला असता. मी त्यांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मावशी, चहा मागवतो, तुम्ही साखर किती ते सांगा."

माझी अडचण वेगळी होती. माग रिकामा राहिलेला मला चालत नाही. पोर मंडईला गेलं आणि अर्धा टॉवेल तसाच राहिला तर ताण बिघडतो, उंदीर येतात, दुसरं पोर हात लावायला घाबरतं. म्हणून मी एका मागावर दोन वेगळ्या गावच्या पोरी बसवल्या. एकीच्या गावची मंडई असेल तेव्हा दुसरी असणार. एक परत आली की दुसरीने तिला सांगायचं, किती विणलं, कुठे धागा तुटला, कुठे सांधला. मला फक्त माझे टॉवेल पूर्ण करायचे होते. पण त्या पोरी गणिताचंही तसंच सांगू लागल्या. प्रतीक्षाच्या मागावर सानगडीकडची, कोंढ्याला मामाकडे राहणारी रागिणी होती. ती टॉवेल वाकडा विणायची आणि गणित सरळ करायची. प्रतीक्षा तिचा काठ उसवून परत विणायची, रागिणी तिचं व्याज खोडून परत मांडायची. दोघी एकमेकींना दिवसभर बोलायच्या. ते बोलणं मी इथे लिहीत नाही, छापता येणार नाही.

नववीच्या शेवटी सचिवांनी नावं काढली. सतरा नंबरसाठी काही पोरं निवडली होती, त्यांत प्रतीक्षा. गणितात ती वर सरकली होती, पण पास म्हणावी इतकी नाही. कापगते बाईंनी सही केली नाही. त्या म्हणाल्या, सही पाहिजे तर आधी माझा राजीनामा घ्या. सचिवांनी राजीनामा घेतला नाही. निकालाची वाट पाहायला त्यांना वर्षच उरलं होतं.

यादोरावही आला. त्याला वाटत होतं, सतरा नंबर झालेलाच बरा. "घरून बसून नापास झाली त कोणाले समजत नाही बाई. शाळेतून झाली त गावभर होते." मी त्याला बसवलं, पाणी दिलं. मी सांगितलं, पोरगी नापास होऊ शकते, मी खोटं बोलणार नाही. पण घरून बसली तर ती पुस्तकाला हात लावणार नाही, साकोलीच्या भांड्यांना लावेल. तो पाणी प्यायला. जाताना म्हणाला, काकूने दुसरी बाई पाहिली आहे तसंही. मला एवढं बरं वाटलं की मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले.

त्या वर्गातला एक पोरगा मात्र दहावीच्या आधीच शाळा सोडून गेला. बाप नागपूरला बांधकामावर गेला, सगळं घर उचलून. आम्ही दोनदा निरोप पाठवला. आम्ही दिवस बदलले, क्रम बदलला, पण गावच सोडून जाणाऱ्या पोराला धरून ठेवील असं आमच्याकडे काही नव्हतं. बाईंना त्याची खंत अजून आहे. मलाही आहे.

निकालाच्या दिवशी हटवार सर मोबाइल घेऊन ऑफिसात बसले होते. साइट उघडत नव्हती. कापगते बाई उगाच कपाट लावत होत्या. सरांनी एकेक नाव टाकलं. दोन पोरं नापास झाली, ती पुढे पुरवणी परीक्षेत निघाली. प्रतीक्षाचं नाव आलं तेव्हा सरांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. मला बारीक अक्षर दिसत नाही. मी म्हटलं, तोंडाने सांगा.

"काठावर," सर म्हणाले. "पण पलीकडच्या. पास झाली."

मी खुर्चीत बसले. मला रडू वगैरे आलं नाही. पाठीत कित्येक महिन्यांपासून काहीतरी आवळलं होतं, ते सुटलं. मागावर ताणा मोकळा केल्यावर सुटतो तसं. मी शिपायाला सांगितलं, चहा आण, आणि साखर जास्त टाक.

टक्केवारी जुन्या वर्षांपेक्षा थोडी कमीच होती. सचिव दुपारी आले आणि तेच बोलले. कापगते बाईंनी शांतपणे सांगितलं, जुन्या वर्षी तुम्ही किती पोरं बसवत होता आणि यंदा किती बसली ते पाहा. सचिवांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या गावच्या मंडईचे ते स्वतः दरवर्षीचे मानकरी. ते उठले आणि दारात थांबून म्हणाले, "पुढच्या बॅचलेही हेच ठेवा. मंडई सांभाळून." माग विकायचं परत कोणी बोललं नाही.

प्रतीक्षा संध्याकाळी माझ्या खोलीत आली. पाया पडायला वाकली, मी वाकू दिलं नाही, माझेच गुडघे दुखत होते. तिने सांगितलं की अकरावीला पवनीला जाणार, बाप तयार आहे. मग ती मागाच्या पाट्यावर हात फिरवत उभी राहिली. मी म्हटलं, बोल ना पोरी.

"मावशी, राग नका धरू. मले माग नाही आवडत. कधीच नाही आवडला."

मी तिच्याकडे पाहिलं. एवढा चांगला हात.

"मले तरी कुठं आवडत होता," मी म्हटलं. "जा आता. बस चुकन."